माऊस नसताना विंडोज ३.१: खिडकीतून खिडकीत जाण्याच्या नोंदी

यंत्र: ३८६डीएक्स, एएमडीचा ४० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३० पिनांच्या चार पट्ट्या मिळून ४ मेगाबाइट रॅम, १२० मेगाबाइटची हार्ड डिस्क. एमएस-डॉस ५ आणि त्यावर विंडोज ३.१. सिरीयल माऊस होता, पण त्याची वायर कनेक्टरपाशीच तुटलेली.

काम: यात डॉसचा एक जुना प्रोग्रॅम आहे, त्यात माझ्या पुस्तकांची यादी, ४१२ नोंदी. प्रत्येक नोंदीखाली त्या वेळी लिहिलेला शेरा आहे आणि मला हवाय तो शेराच. प्रोग्रॅमची फाइल त्याच्याच कुठल्यातरी पद्धतीने दाबून ठेवलेली, बाहेर वाचता येत नाही. छपाईची सोय आहे, पण छपाईत शेरा येतच नाही, तो फक्त पडद्यावर दिसतो. म्हणजे पडद्यावरून उचला, विंडोजमध्ये येऊन चिकटवा, परत जा. ४१२ वेळा जायचं, ४१२ वेळा यायचं. दुसरा माऊस शोधत बसण्यापेक्षा हे सगळं कीबोर्डवरच करायचं ठरवलं. एवढ्या फेऱ्यांना तसाही माऊस हळूच पडला असता.

४ जानेवारी, शनिवार

चालू केलं. मेमरी मोजून झाली आणि पडद्यावर कीबोर्ड एररचा संदेश. कीबोर्डवरचे तिन्ही दिवे मात्र सुरुवातीला एकदा छान लुकलुकले. त्यावरून मी धरून चालले की कीबोर्ड जोडला गेलाय आणि गडबड बायोसमध्ये आहे. सगळी संध्याकाळ त्यात गेली. बायोसच्या सेटिंगमध्ये शिरायला कीबोर्डच लागतो, हे लक्षात यायलाही बराच वेळ लागला.

दिव्यांबद्दल आधी कळलं असतं तर दोन तास वाचले असते. पाच व्होल्ट मिळाले की कीबोर्ड स्वतःची तपासणी स्वतःच करतो आणि दिवे एकदा लावून विझवतो. त्याला कॉम्प्युटरशी बोलावं लागत नाही. खरी परीक्षा नम लॉकची: ते बटण दाबल्यावर दिवा बदलला तर समजायचं की निरोप जातोय आणि उत्तरही येतंय. माझा बदलत नव्हता.

कीबोर्ड उलटा केला तर खाली एक्सटी/एटी (कॉम्प्युटरच्या जुन्या दोन जाती) असा सरकता खटका. तो एक्सटीवर होता. एटीवर सरकवला आणि फार हुशारी केल्यासारखी परत चालू केलं. तोच संदेश.

मग शेवटी झाकण काढलं. कीबोर्डच्या गोल सॉकेटशेजारी ३.६ व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी, आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी भुकटी. या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर ती नेमकी कीबोर्डच्या सॉकेटजवळच बसवलेली असते. फुटली की पहिला घास कीबोर्डच्या तारांचा. सुरुवात इथून करायला हवी होती. पुढच्यांनी आधी झाकण काढावं, मग वीज लावावी.

५ जानेवारी, रविवार

बॅटरी कापून काढली. आतून गळतो तो अल्कली असतो, म्हणून आधी पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने, मग पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. वाळायला रात्रभर ठेवायचं ठरवलं होतं, दुपारीच धीर सुटला. केसांच्या ड्रायरची थंड हवा मारली आणि मीटर घेऊन बसले.

एटी कीबोर्डच्या पाच पिनांच्या सॉकेटमध्ये १ क्लॉक, २ डेटा, ४ जमीन (ग्राउंड), ५ पाच व्होल्ट. ३ बिनकामाची. या पिना ओळीने येत नाहीत, मधली पिन २ नंबरची असते. मी डावीकडून सरळ मोजत गेले आणि पाऊण तास भलत्याच पिनांना वायर लावत बसले. नकाशा समोर ठेवूनच मोजा.

पाच व्होल्ट ठीक. डेटाची तार कीबोर्ड कंट्रोलरपर्यंत (८०४२ जातीची ४० पिनांची चिप) तिच्या ३९ नंबरच्या पिनेला नीट पोचते. क्लॉक १ नंबरच्या पिनेला पोचायला हवा, तो पोचत नाही. भिंगातून पाहिलं तर बॅटरीच्या जागेखालून जाणारी रेघ एका ठिकाणी काळी पडून तुटलेली. बारीक वायरचा तुकडा घेऊन दोन टोकं जोडली. पहिल्यांदा झाळलेलं टोक निघून आलं, कारण तांब्यावरचा गंज मी पुरता खरवडलाच नव्हता. दुसऱ्यांदा धरलं.

नम लॉक दाबलं. दिवा बदलला. मी तो उगाच वीसेक वेळा दाबला.

८ जानेवारी, बुधवार

बोर्ड अजून काही दिवस उघडाच ठेवायचा होता, तोवर आजच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर डॉस चालवणारा प्रोग्रॅम) नवं विंडोज ३.१ टाकून कीजचा सराव करू म्हटलं. (जुनी डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावून तिची प्रत काढायचा विचार होता. अडॅप्टरने ती ओळखलीच नाही. एवढ्या जुन्या डिस्कांना एलबीए (डिस्कवरची जागा सांगायची नंतरची पद्धत) ठाऊक नसतं आणि बहुतेक अडॅप्टरना त्याशिवाय चालत नाही. सोडून दिलं.)

सरावाचा बेत फसला, आणि तो का फसला हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

ऑल्ट-टॅब दाबलं की लॅपटॉपची सिस्टम ते स्वतःच उचलते. विंडोज ३.१ ला फक्त ऑल्ट दाबलेला दिसतो, सुटलेला दिसत नाही. परत डॉसबॉक्समध्ये आलं की ऑल्ट अडकून राहिलेला, आणि साधं एफ दाबलं तरी फाइल मेनू उघडतो. एकदा ऑल्ट दाबून सोडला की सुटतो.

मग कंट्रोल-एफ६. विंडोज ३.१ मध्ये याने एका प्रोग्रॅमच्या आतल्या खिडक्या बदलतात, म्हणजे प्रोग्रॅम मॅनेजरमधले (विंडोजची मुख्य खिडकी, जिथून प्रोग्रॅम उघडतात) गट. मी दाबत होते, काहीच हलत नव्हतं. रात्री डॉसबॉक्सच्या फोल्डरमध्ये आवाजाच्या अकरा फाइली सापडल्या, सगळ्या जवळपास नुसती शांतता. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ६ म्हणजे आवाजाचं रेकॉर्डिंग चालू किंवा बंद! कंट्रोल-एफ४ तिथे डिस्कांची यादी ताजी करायला वापरतात, आणि विंडोजमध्ये आतली खिडकी बंद करायला. ऑल्ट-एंटर डॉसबॉक्सचा पडदा मोठा-लहान करतो, विंडोजमध्ये त्याचे दोन वेगळे अर्थ आहेत, पुढे येतीलच. कंट्रोल-एफ९ दाबून पाहू नका, अख्खा डॉसबॉक्स क्षणात बंद होतो.

कंट्रोल-एफ१ ने डॉसबॉक्सचा मॅपर उघडून या सगळ्या कीज दुसरीकडे हलवता येतात. मी दोन हलवल्या, मग कंटाळले. बोटांना जी सवय खऱ्या यंत्रासाठी लावायची ती इथे लागणार नाही, एवढं कळलं. आतल्या खिडक्यांसाठी कंट्रोल-टॅबही चालतं, तेवढं बरोबर घेऊन निघाले.

११ जानेवारी, शनिवार

बोर्ड परत बसवला. बॅटरी नसल्याने सेटिंग पुसलेली. हार्ड डिस्कला ४७ नंबरचा प्रकार निवडून सिलिंडर, हेड, सेक्टर हाताने भरावे लागले, आकडे डिस्कवरच्या चिठ्ठीवर होते. बाहेरच्या बॅटरीची सोय नंतर, सध्या कॉम्प्युटर बंदच करत नाही.

विंडोज उघडलं. माऊसचा बाण पडद्याच्या मधोमध, मेल्यासारखा. ऑल्ट-टॅब केलं: मधोमध चौकट, त्यात प्रोग्रॅमचं चित्र (आयकॉन) आणि नाव. ऑल्ट धरून ठेवून टॅब दाबत राहायचं, हवं ते नाव आलं की ऑल्ट सोडायचा. शिफ्टही धरला की उलट्या दिशेने. इतक्या सहज झाल्यावर वाटलं, उद्याच संपेल.

यादीचा प्रोग्रॅम सुरू केला. पूर्ण पडद्यावर उघडला. ऑल्ट-टॅब केलं तर डिस्क खरखरायला लागली आणि विंडोज दिसायला नऊ सेकंद. परत जायला सात. गुणाकार करून पाहिला: नुसत्या ये-जा करण्यातच जवळपास दोन तास. शिवाय ऑल्ट-एंटर दाबून तो प्रोग्रॅम छोट्या खिडकीत आणायचा प्रयत्न केला तर होईना.

दोन तास मेमरीवर संशय घेतला. प्रोग्रॅम मॅनेजरच्या हेल्प मेनूत अबाउट उघडायला सुचलं ते फार उशिरा. तिथे लिहिलेलं होतं: स्टँडर्ड मोड.

स्टँडर्ड मोडमध्ये डॉसचा प्रोग्रॅम नेहमी पूर्ण पडद्यावरच चालतो, आणि त्याच्यातून बाहेर पडलं की त्याला गोठवून डिस्कवर उतरवतात. खरखर त्याचीच. ३८६ ला आणि ४ मेगाबाइटला तर एन्हान्स्ड मोड आपोआप मिळायला हवा. ऑटोएक्झेक.बॅट उघडली, शेवटची ओळ: विन /एस. कधीतरी मीच लिहिली असणार, कशासाठी ते आठवत नाही. /एस काढलं.

१२ जानेवारी, रविवार

एन्हान्स्ड मोड. डॉसमधून विंडोजमध्ये यायला आता दीड-दोन सेकंद. त्यातलाही बराचसा वेळ माझ्या मॉनिटरचा. डॉसचा अक्षरी पडदा ७२० बाय ४००, सेकंदाला ७० वेळा; विंडोजचा ६४० बाय ४८०, ६० वेळा. आजच्या सपाट मॉनिटरला प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो. गंमत अशी, की पडदा काळा असला तरी खिडकी बदललेली असते, तेव्हा दाबलेल्या कीज योग्य जागी पोचतात. हे मनाला पटायला दिवस गेला.

एक चांगली गोष्ट: पूर्ण पडद्यावरच्या डॉसमध्ये ऑल्ट-टॅब धरलं की पडद्याच्या वरच्या कडेला एका पट्टीत पुढच्या प्रोग्रॅमचं नाव दिसतं. कुठे चाललोय ते उडी मारायच्या आधीच कळतं, मॉनिटरला उगाच त्रास नाही.

आता या दिवसाची मोठी चूक. डॉसच्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी विंडोज एक पिफ फाइल पाहतं, आणि ती बदलायला पिफ एडिटर असतो. त्यात अ‍ॅडव्हान्स्ड या बटणामागे ‘रिझर्व्ह शॉर्टकट कीज’ असं एक कोष्टक आहे: ऑल्ट-टॅब, ऑल्ट-एस्केप, कंट्रोल-एस्केप, प्रिंटस्क्रीन, ऑल्ट-प्रिंटस्क्रीन, ऑल्ट-स्पेस, ऑल्ट-एंटर, प्रत्येकासमोर चौकोन. मी वाचलं, ‘या कीज राखून ठेवा’. वाटलं, विंडोजसाठी राखायच्या असणार. सगळ्या चौकोनांत खुणा केल्या.

अर्थ नेमका उलटा आहे. खूण केली की ती की डॉसच्या प्रोग्रॅमसाठी राखली जाते, विंडोजला ती दिसतच नाही. प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर उघडला आणि मी आत कोंडले गेले. ऑल्ट-टॅब नाही, कंट्रोल-एस्केप नाही, ऑल्ट-एंटर नाही. माऊस असता तरी पूर्ण पडद्यावर त्याचा उपयोग शून्य. शेवटी प्रोग्रॅममधूनच बाहेर पडायचा पर्याय निवडून सुटका. सगळ्या खुणा काढल्या, पुन्हा उघडला, तरी तेच!

खुणा काढूनही तेच, कारण बदल करताना प्रोग्रॅमची दुसरी प्रत मागे चालू होती आणि ऑल्ट-टॅबने मी तिच्यातच जात होते. पिफ फक्त प्रोग्रॅम सुरू होताना वाचली जाते. चालू असलेल्याला नवे नियम लागू होत नाहीत.

याच्या जोडीला आणखी एक घोळ. प्रोग्रॅम मॅनेजरमधलं चित्र थेट प्रोग्रॅमच्या फाइलीकडे बोट दाखवत होतं आणि मी पिफला नाव दिलेलं भलतंच. नाव जुळत नसलं की विंडोज _डिफॉल्ट.पिफ घेतं आणि तुमच्या कष्टांकडे ढुंकून पाहत नाही. चित्र निवडून ऑल्ट-एंटर (प्रोग्रॅम मॅनेजरमध्ये याचा अर्थ गुणधर्म उघडणे) आणि कमांड लाइनमध्ये पिफचंच नाव घातलं.

दिवसभरात हाती आलेल्या नोंदी: शून्य.

१५ जानेवारी, बुधवार

नवीन दुखणं. ऑल्ट धरून टॅब टॅब करताना मधेच चौकट नाहीशी होते आणि भलतीच खिडकी पुढे येते. कधी मेनूपट्टीवर फाइल हा शब्द निवडलेला दिसतो आणि पुढचं अक्षर मेनूतल्या एखाद्या पर्यायाला जाऊन लागतं. नुसता ऑल्ट दाबून सोडला की विंडोज मेनूपट्टीत शिरतं, म्हणजे कुठेतरी ऑल्ट माझ्या नकळत सुटत होता.

आधी शंका विंडोजवरच घेतली. कंट्रोल पॅनलमध्ये डेस्कटॉपखाली फास्ट ऑल्ट-टॅब स्विचिंग असा चौकोन आहे, विन.आयएनआयमध्ये तीच ओळ कूलस्विच=१ अशी दिसते. तो बंद करून पाहिला. मधली चौकट गेली आणि एकेका खिडकीची शीर्षकपट्टी पुढे यायला लागली, विंडोज ३.० मध्ये होतं तसं. दुखणं तेच, वर दिसायला गैरसोय. परत चालू केला.

मग विंडोजमधून पूर्ण बाहेर येऊन डॉसवर क्यूबेसिक (डॉसबरोबर येणारी बेसिक भाषा) उघडलं. तीन ओळींचा प्रोग्रॅम: पोर्ट ९६ वाचा, आकडा बदलला असेल तर छापा, पुन्हा वाचा. कीबोर्ड कंट्रोलर प्रत्येक कीचा आकडा त्या पोर्टवर ठेवतो. टॅब दाबला की १५, सोडला की १४३. एस्केप १ आणि १२९. कंट्रोल २९ आणि १५७. सोडल्याचा आकडा नेहमी दाबल्याच्या आकड्यात १२८ मिळवून येतो. ऑल्टचे आकडे ५६ आणि १८४.

डावा ऑल्ट दाबून धरला. बोट स्थिर. पडद्यावर:

५६
१८४
५६
१८४
५६

मी सोडला नव्हता, तो आपणच सुटत होता. धरून ठेवलेल्या कीचा ५६ पुन्हा पुन्हा येणं ठीक, पण मी दर वेळी वेगळा आकडाच छापत होते, आणि मधे १८४ यायला काहीच कारण नव्हतं. उजवा ऑल्ट दाबला: आधी २२४, मग ५६, सोडेपर्यंत १८४ नाही. म्हणजे वायर, कंट्रोलर, विंडोज सगळे निर्दोष. डाव्या ऑल्टखालचा स्विच खराब.

माझी गेली तीन रात्रीची चिडचिड त्या पाच आकड्यांत मावली. हा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी चालवायला हवा होता.

१८ जानेवारी, शनिवार

तात्पुरता उजवा ऑल्ट वापरून पाहिला. उजव्या हाताने ऑल्ट, डाव्याने टॅब, हात पाठीमागे बांधल्यासारखं वाटतं. दहा मिनिटांत मनगट भरून आलं.

कीबोर्ड मेकॅनिकल आहे, प्रत्येक कीखाली सुटा स्विच झाळलेला. स्क्रोल लॉक आयुष्यात वापरलेला नाही, त्याचा स्विच नवाकोरा. दोन्ही काढून डाव्या ऑल्टच्या जागी स्क्रोल लॉकचा बसवला. काढताना बोर्डावरची तांब्याची एक चकती उखडली, तिथून जवळच्या डायोडपर्यंत वायर ओढून भागवलं. स्विच काढताना झाळ शोषून घ्यायची तांब्याची जाळी वापरा. मी घाईत नुसतं सोल्डरिंग आयर्न लावून उपसला आणि चकती गेली ती त्यामुळेच. सगळे मिळून अडीच तास, त्यातला एक तास त्या चकतीचा.

क्यूबेसिक पुन्हा. ५६. मग काहीच नाही, मी सोडेपर्यंत. मग १८४.

१९ जानेवारी, रविवार

खरं काम सुरू. पहिला प्रयत्न असा: यादीचा प्रोग्रॅम छोट्या खिडकीत, ऑल्ट-स्पेस, ई, के. शीर्षकात मार्क असं येतं, बाणांनी कोपऱ्यावर जायचं, शिफ्ट धरून बाणांनी चौकोन पसरवायचा, एंटरने कॉपी. चालतं, पण शेऱ्याचा चौकोन पसरवायला दर वेळी साठ-सत्तर वेळा बाण. एका नोंदीला दोन मिनिटं. सहा नोंदींनंतर थांबले.

दुसरा: प्रिंटस्क्रीन. खिडकीत असतानाच दाबलं, राइटमध्ये (विंडोजबरोबर येणारा लिहिण्याचा प्रोग्रॅम) येऊन कंट्रोल-व्ही केलं, आणि अख्ख्या विंडोजच्या पडद्याचं चित्र चिकटलं! डॉसचा प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर, अक्षरी पडद्यात असेल तरच प्रिंटस्क्रीन त्यातली अक्षरं क्लिपबोर्डवर ठेवतं. खिडकीत असेल तर चित्र. म्हणजे ऑल्ट-एंटर करून मोठा करायचा आणि तसाच ठेवायचा. नको त्या ओळीही येतात, त्या नंतर आजच्या कॉम्प्युटरवर एका झटक्यात काढता येतील.

चिकटवायला आधी नोटपॅड घेतलं होतं. एक पडदा म्हणजे ८० अक्षरं गुणिले २५ ओळी, २००० अक्षरं. तिशीही गाठली नाही आणि नोटपॅड भरलं, त्याची मजल ६४ किलोबाइटच्या आतच. राइटला ती अडचण नाही.

मग ऑल्ट-टॅबच सोडून दिलं. दोनच प्रोग्रॅम उघडे असतील तर एकदा ऑल्ट-टॅब म्हणजे मागच्यात परत, उत्तम. पण प्रोग्रॅम मॅनेजर तिसरा असतोच, आणि चुकून त्यात गेलं की क्रम बिघडतो. त्यापेक्षा थेट की ठरवता येते. राइटच्या चित्रावर ऑल्ट-एंटर, शॉर्टकट कीच्या रकान्यात जाऊन डब्ल्यू दाबलं की कंट्रोल-ऑल्ट-डब्ल्यू आपोआप उमटतं. यादीसाठी पिफ एडिटरच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये अ‍ॅप्लिकेशन शॉर्टकट की, तिथे कंट्रोल-ऑल्ट-वाय. ही की प्रोग्रॅम चालू असेल तरच कुठूनही त्याच्याकडे नेते. राइट बंद असताना कंट्रोल-ऑल्ट-डब्ल्यूने तो उघडायचा असेल तर प्रोग्रॅम मॅनेजर समोर असावा लागतो. मला हे माहीत नव्हतं, यादीत बसून पंधरा मिनिटं दाबत होते.

आता क्रम असा: प्रिंटस्क्रीन, कंट्रोल-ऑल्ट-डब्ल्यू, कंट्रोल-व्ही, एंटर, कंट्रोल-ऑल्ट-वाय, पेजडाउन. काळ्या पडद्याची वाट न बघता सरळ बडवत जायचं. एका नोंदीला बारा-तेरा सेकंद. संध्याकाळपर्यंत १४० नोंदी.

२२ जानेवारी, बुधवार

हाच क्रम रेकॉर्डरला शिकवू म्हटलं, विंडोजबरोबर येतो तो मॅक्रोचा प्रोग्रॅम. राइटमधला भाग त्याने निमूटपणे केला, पण डॉसच्या प्रोग्रॅमात तो कीज पाठवू शकत नाही. तास गेला. बोटंच बरी.

२५ जानेवारी, शनिवार

२६१ नोंदी झाल्यावर राइटची फाइल फ्लॉपीवर सेव्ह करायला दिली. वाळूचं घड्याळ आलं. कंट्रोल-ऑल्ट-वाय: काही नाही. ऑल्ट-टॅब: काही नाही. कंट्रोल-एस्केप (याने टास्क लिस्ट येते, उघड्या प्रोग्रॅमांची यादी): काही नाही. कीबोर्ड परत गेला असं वाटून पोटात गोळा आला. चिडून ऑल्ट-टॅब आणखी तीन वेळा, ऑल्ट-एफ४ दोनदा, आणि एंटर.

फ्लॉपी थांबली. मग सगळ्या दाबलेल्या कीज रांगेने आल्या. खिडक्या एकामागून एक उड्या मारत गेल्या, आणि ऑल्ट-एफ४ पोचलं तेव्हा समोर प्रोग्रॅम मॅनेजर होता. त्याला ऑल्ट-एफ४ म्हणजे विंडोजच बंद करणं. खात्री करायची चौकट आली, आणि माझं एंटर आधीच रांगेत उभं होतं.

वाचले ते यादीमुळे. डॉसचा प्रोग्रॅम चालू असताना विंडोज बंद व्हायला तयार होत नाही, आधी तो बंद करा म्हणून अडून बसतं. पिफमध्ये ‘अलाउ क्लोज व्हेन अ‍ॅक्टिव्ह’ असा एक चौकोन आहे, त्यात खूण असती तर ही अडवणूक झाली नसती. मी तो चौकोन मुद्दाम रिकामा ठेवला होता असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे १२ तारखेच्या फजितीनंतर पिफमधल्या सगळ्याच खुणा काढून टाकल्या होत्या.

विंडोज ३.१ मध्ये विंडोजचे प्रोग्रॅम एकमेकांना आपणहून पाळी देतात. एखादा अडून बसला तर बाकीच्यांना आणि खिडकी बदलणाऱ्या कीजनाही वाट पाहावी लागते. कीज हरवत नाहीत, साठतात. वाळूचं घड्याळ दिसलं की हात मांडीवर.

आणखी एक: घाई नसेल तेव्हा टास्क लिस्ट मला ऑल्ट-टॅबपेक्षा जास्त आवडायला लागली आहे. कंट्रोल-एस्केप, बाण, एंटर. सगळी नावं एकदम समोर, आणि चुकलं तर एस्केप. ऑल्ट-एस्केप मात्र फसवं आहे. ते खाली चित्र करून ठेवलेल्या प्रोग्रॅमवरही जातं, पण त्याला उघडत नाही, नुसतं निवडतं. पडद्यावर काही झाल्यासारखं वाटत नाही आणि आपण टाइप करत राहतो. एंटर दाबलं की उघडतो.

२ फेब्रुवारी, रविवार

उरलेल्या १५१ नोंदी आज दोन बैठकींत. ३०० च्या आसपास बोटं इतकी सरावली, की पेजडाउन विसरून एकच नोंद तीनदा चिकटवली. शेवटी मोजल्या तेव्हा ४१६ भरल्या, चार जादा कुठे ते शोधायला अर्धा तास.

एकूण हिशेब: बोर्ड आणि बॅटरी दोन दिवस, डॉसबॉक्सची एक वाया गेलेली संध्याकाळ, स्टँडर्ड मोड आणि पिफ मिळून दीड दिवस, ऑल्टचा स्विच तीन रात्री आणि एक दुपार. प्रत्यक्ष नोंदी उचलायला दोन तासही लागले नाहीत. सामान म्हणाल तर वायरचा वीतभर तुकडा आणि स्क्रोल लॉकचा स्विच.

फाइल राइटमधून साध्या मजकुरात सेव्ह केली. एका फ्लॉपीत मावली. बाहेरच्या बॅटरीची जोडणी राहिली आहे, कॉम्प्युटर ११ जानेवारीपासून चालूच आहे.